पहिल्या आज्ञेचा ताबा : ग्राहक व्यवहार विभागास घोटीहून खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली.



जुलै २०२२ मध्ये आपल्या विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी तत्कालीन अपर सचिव श्रीमती निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या मुहूर्तावर, त्या हक्काचे संकेतस्थळ सुरू झाले, आणि शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ उपकरणे व वाहने अशी चार क्षेत्रे त्या कामी मुक्रर करण्यात आली, हे सर्व वर्तमानपत्रांतून वाचून आमच्यासारख्या आडगावच्या ग्राहकांस समाधान वाटले. ज्या राज्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला, त्या राज्यातील माणसाला असे समाधान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या समाधानात एक उणीव राहून गेली आहे. यंत्राच्या अंगावर एक ओरखडा नाही, एकही भाग जळलेला नाही, एकही सुटा भाग बाजारातून आणण्याची गरज नाही, आणि तरीही ते यंत्र कायमचे मुके होऊन बसते, असा एक बिघाड संगणकास होतो. आणि दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आजवर बहुतांशी सुट्या भागांभोवतीच फिरत राहिल्याने या बिघाडाची कैफियत कोणाच्या दप्तरी रुजू झालेली नाही. ती रुजू करावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

ज्या गावातून हे लिहीत आहे त्या गावाचा परिचय थोडक्यात देणे अप्रस्तुत ठरणार नाही. घोटी ही इगतपुरी तालुक्यातील भाताची पेठ. मध्य रेल्वेचा लोहमार्ग आणि मुंबई-आग्रा महामार्ग दोन्ही गावाला लागून जातात, एक रस्ता येथून सिन्नरकडे व दुसरा भंडारदरा आणि कळसूबाईच्या दिशेने फुटतो, आणि भोवतालच्या ठाकूर व महादेव कोळी वस्त्यांतील माणसे भाताचे पोते, औषधाची बाटली किंवा सरकारी दाखला यांपैकी काहीही हवे असले की याच बाजारात उतरतात. पूर्वी दाखल्यासाठी इगतपुरीच्या कचेरीत हेलपाटे घालावे लागत. आता सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला यांचे अर्ज सेवा केंद्रातील संगणकावरून जातात, भातगिरण्यांचे हिशेब संगणकावर असतात, आणि शाळा-महाविद्यालयांचे प्रवेशही त्याच वाटेने होतात. तात्पर्य, मुंबईच्या एखाद्या कार्यालयात एक संगणक बंद पडला तर शेजारच्या मेजावरचा दुसरा सुरू असतो. येथे एक बंद पडला म्हणजे चार गावांचे दाखले अडतात. त्यात येथला पाऊस. सह्याद्रीच्या माथ्यावर असल्यामुळे मृगाच्या आधीच्या वळवापासून वीज जाण्या-येण्याचा जो खेळ सुरू होतो तो पुढे भाताची लावणी उरकेपर्यंत चालतो. याबद्दल तक्रार करण्याचे हे स्थळ नव्हे. निसर्गाचा व तारांचा हा स्वभाव आम्ही केव्हाच पत्करलेला आहे. मात्र जी यंत्रे आम्हांला विकली जातात, ती बनविणाऱ्यांनी तो स्वभाव लक्षात घेतलेला नाही.

असाच वळवाचा पाऊस, आणि आमच्या परिचयाच्या एका ताईंचे सेवा केंद्र. संगणक डेस्कटॉप जातीचा, एका नामांकित कंपनीचा, हमीची मुदत नुकतीच उलटून गेलेला. नित्याच्या अद्ययावतीकरणाबरोबर यंत्राने मदरबोर्डच्या फर्मवेअरची नवी आवृत्तीही परस्पर उतरवून घेतली होती, आणि संध्याकाळी यंत्र पुन्हा सुरू होताना ती आत बसविण्यास त्याने कोणाची अनुज्ञा न घेता आरंभ केला. पडद्यावर प्रगतीची पट्टी सरकत असतानाच वीज गेली. यूपीएसची जुनी बॅटरी थोडा वेळ तग धरून संपली. वीज परत आल्यावर बटण दाबले तर पंखा फिरतो, दिवा लागतो, परंतु पडदा काळाच. हार्डवेअरवाल्यांच्या भाषेत ‘पॉवर आहे, डिस्प्ले नाही’. रॅम काढून पुसून बसवावी, मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल काही काळ काढून ठेवावा, दुसरा मॉनिटर लावून पाहावा, हे सर्व सोपस्कार यथाक्रम झाले. आणि मग बाजारातील जाणत्या कारागिराने जो निर्णय दिला तो दोन शब्दांचा होता: बायोस उडाला.

हे उडणे म्हणजे नेमके काय, ते सांगितल्याशिवाय पुढील मागणीचे मर्म ध्यानात येणार नाही, म्हणून थोडा विस्तार करतो. प्रोसेसर हा कितीही सामर्थ्यवान असला तरी वीज मिळाल्या क्षणी तो सर्वथा अज्ञानी असतो. स्मृती जागी झालेली नसते, डिस्क ओळखीची नसते, पडदा आहे की नाही हेही त्याला ठाऊक नसते. त्या अवस्थेत त्याला एवढेच शिकविलेले असते की पहिली आज्ञा एका ठरलेल्या पत्त्यावरून उचलावी, आणि तो पत्ता चार गिगाबाइटच्या हद्दीच्या बरोबर सोळा बाइट अलीकडे असतो. तेथे जे लिहिलेले असेल ते म्हणजे मदरबोर्डचे फर्मवेअर, म्हणजेच बायोस. १९८१ च्या आयबीएम पीसीत हा मजकूर अवघा ८ किलोबाइटचा होता व कारखान्यातच चिपमध्ये कायमचा कोरलेला होता. वीज गेली म्हणून तो पुसला जाण्याचा संभव नव्हता. आज तोच मजकूर बहुधा १६ किंवा ३२ मेगाबाइटच्या, आठ पायांच्या, बोटाच्या नखाहूनही लहान अशा एका फ्लॅश चिपमध्ये राहतो. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडलेल्या या फ्लॅश स्मृतीचा धर्म असा की, लिहिताना तिच्यातील एकाचे शून्य करता येते, पण शून्याचे पुन्हा एक करावयाचे तर तो संपूर्ण गाळा आधी पुसावा लागतो. म्हणजे जुने नाहीसे केल्यावाचून नवे लिहिता येत नाही, आणि जुने गेले आहे पण नवे आलेले नाही अशी एक संधिवेळ प्रत्येक अद्ययावतीकरणात अटळपणे येते. त्या वेळी वीज गेली की पहिल्या आज्ञेच्या पुढचा मार्गच नाहीसा होतो. डिस्कवरील ताईंचे सर्व दप्तर जसेच्या तसे सुखरूप असते. केवळ तेथपर्यंत जाणारे कोणी उरत नाही.

हा धोका नवा नाही. तैपेई येथील तातुंग विद्यापीठातील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये लिहिलेला सीआयएच नावाचा विषाणू २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर फुटला, तेव्हा त्याने डिस्कवरील मजकुराबरोबर कित्येक यंत्रांचा बायोसही पुसून टाकला; दक्षिण कोरिया, तुर्कस्तान आणि आपला देश यांना त्याची झळ विशेष लागली. चेर्नोबिलच्या अपघाताचीही तीच तारीख, म्हणून लोकांनी त्याला ते नाव दिले. पण त्या काळच्या बहुसंख्य मदरबोर्डांवर बायोसची चिप खाचेत बसविलेली असे, ही गोष्ट आज मला फार महत्त्वाची वाटते. कारागीर ती चिमट्याने उपटून काढी, तशाच दुसऱ्या चालू संगणकात बसवी, तेथे लिहून घेई व परत आणून लावी. पुढे काही पैशांची आणि काही मिलिमीटर जागेची बचत म्हणून ती खाच गेली व चिप बोर्डाला डाकाने जोडली जाऊ लागली. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यात दुष्ट हेतूचा लवलेशही नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू या मुक्त संचालन प्रणालीची १७.१० ही आवृत्ती तिच्या कर्त्यांना तात्पुरती मागे घ्यावी लागली, कारण तिच्यातील एका ड्रायव्हरमुळे लेनोवो, एसर इत्यादी कंपन्यांच्या काही लॅपटॉपांचे फर्मवेअर बिघडत होते. चोर, सज्जन आणि वळवाचा पाऊस या तिघांनाही जी वस्तू सारखीच मोडता येते, ती दुरुस्त करण्याची वाट फक्त कंपनीच्या ताब्यात असावी, हा न्याय विलक्षण म्हटला पाहिजे.

कंपनीच्या अधिकृत केंद्राचे उत्तर काय आले असेल, याची कल्पना आपणास असेलच. त्यांनी यंत्र उघडलेही नाही. मदरबोर्ड गेला, नवा बसवावा लागेल, हमी संपली असल्याने मोबदला पूर्ण पडेल. आणि तो मोबदला नव्या संगणकाच्या निम्म्या किमतीहून अधिक होता. केंद्रातील तरुणास मी दोष देत नाही. त्याच्या हातात जी कार्यपद्धती दिली आहे तीत चिप पुन्हा लिहिण्याचा रकानाच नसावा. पण बोर्ड बदलणे हा उपाय दिसतो तितका निरुपद्रवी नाही, आणि हे ग्राहकास कोणी सांगत नाही. आजकालच्या अनेक यंत्रांत डिस्कवरील मजकूर कुलूपबंद असतो व त्या कुलपाचे नाते बोर्डावरील टीपीएम नावाच्या घटकाशी बांधलेले असते. बोर्ड बदलला की यंत्र ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागते. ज्याने ती कधी पाहिलेलीच नाही, किंबहुना आपल्या डिस्कला कुलूप आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचा सर्व दस्तऐवज त्याच्या डोळ्यांदेखत त्याला परका होतो. चिप पुन्हा लिहिल्यावरही ही कळ कधी कधी मागितली जाते, हे खरे. परंतु तेथे निदान जुना बोर्ड आपल्याच हाती असतो. ताईंच्या डिस्कला सुदैवाने कुलूप नव्हते.

काम झाले ते घोटीच्या बाजारात. एका आयटीआय शिकलेल्या तरुण कारागिराने ते केले, आणि ते पाहण्याची संधी मला मिळाली म्हणून त्याचे वर्णन जरा सावकाश करतो; कारण ज्या कौशल्याविषयी आपल्या विभागाने धोरण आखावयाचे आहे, ते कागदावरून दिसत नाही. त्याने प्रथम सोपा मार्ग पाहिला. काही मदरबोर्डांत फर्मवेअरचा एक छोटा भाग कधीही न पुसता राखून ठेवलेला असतो, आणि ठरावीक कळा दाबून धरल्या असता, किंवा पाठीमागचे खास बटण दाबले असता, तो भाग पेनड्राइव्हवरून शाबूत प्रत उचलून स्वतःला पुन्हा उभे करतो. काही बोर्डांत तर दोन चिपा असतात, एक बिघडली तर दुसरी कामास येते. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने सिद्ध करावा लागतो आणि फायलीचे नाव कंपनीने नेमून दिलेलेच असावे लागते, एका अक्षराचाही फरक चालत नाही. या बोर्डावर त्यातले काही चालले नाही. मग त्याने वीज तोडली, सेल काढला, उरलीसुरली वीज ओसरू दिली, भिंगातून चिपेवरील अक्षरे वाचली — विनबाँड कंपनीची २५क्यू१२८, म्हणजे १६ मेगाबाइटची — आणि एका कोपऱ्यावरील ठिपक्यावरून पहिला पाय ओळखून आठ दातांची क्लिप तिच्यावर बसविली. क्लिपेच्या दुसऱ्या टोकाला सीएच३४१ए हा काहीशे रुपयांचा प्रोग्रॅमर होता. या स्वस्त प्रोग्रॅमरच्या काळ्या पट्टीच्या प्रकारात एक खोट आहे: चिपेला तो ३.३ व्होल्टच देतो, पण मजकुराच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतो. म्हणून या पोराने त्याच्या पट्टीवर आधीच एक छोटी दुरुस्ती करून ठेवली होती. काही लॅपटॉपांतील चिपा तर १.८ व्होल्टच्याच असतात, तेथे वेगळा अडॅप्टर लावला नाही तर दुरुस्त करावयास घेतलेली चिप खरोखरीच जळते. हे ज्ञान त्याला कोणत्या पाठ्यपुस्तकाने दिले नाही.

त्याने चिपेतील मजकूर दोनदा वाचला आणि दोन्ही वाचने अक्षरशः जुळतात की नाही ते ताडून पाहिले. जुळत नसतील तर क्लिप नीट बसलेली नाही असे समजावे, आणि जुळेपर्यंत एक अक्षरही लिहू नये, हा त्याचा दंडक. मग तो बिघडलेला मजकूर त्याने जपून ठेवला. मला प्रथम याचे नवल वाटले, परंतु त्याचे उत्तर ऐकून आदर वाढला: चिपेत सगळेच काही एकजिनसी नसते. एका भागात चिपेची विभागणी कोठून कोठे आहे याचा तक्ता असतो, एका भागात इंटेलचे व्यवस्थापनाचे फर्मवेअर, कोठे नेटवर्कचा त्या यंत्रापुरता असलेला पत्ता, कोठे यंत्राचा अनुक्रमांक, कोठे विंडोजच्या परवान्याची खूण. बिघाड फक्त बायोसच्या भागात झाला होता. तेथे मध्येच लांबच लांब पट्टा पुसलेला, म्हणजे सगळा ‘एफएफ’ भरलेला, त्याने मला पडद्यावर दाखविला. वीज गेली ती जागा तीच. कंपनीच्या संकेतस्थळावर जी अद्ययावतीकरणाची फाइल मिळते ती चिपेची संपूर्ण प्रत नसते. तिच्याभोवती वेष्टन असते, आणि यंत्रापुरते असलेले वरील भाग तीत नसतात. तेव्हा त्या फायलीतून बायोसचा भाग सोलून काढायचा, जुन्या प्रतीतील शाबूत भागांशी तो सांधायचा, आकार एका बाइटनेही कमी-अधिक न होता १६ मेगाबाइट भरतो याची खातरजमा करायची, आणि मग फ्लॅशरॉम या मुक्त प्रणालीने पुसून, लिहून, पुन्हा वाचून पडताळायचे. त्या रात्री यंत्र पहिल्यांदा सुरू झाले तेव्हाही पडदा बराच वेळ काळा होता, ते स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू झाले, आणि ताईंचा जीव टांगणीला लागला. स्मृतीची नव्याने ओळख करून घेताना ते असेच करते, हात लावू नका, असे कारागिराने आधीच बजावले होते म्हणून बरे. मजुरी त्याने घेतली ती बोर्डाच्या किमतीपुढे नगण्यच म्हणावी अशी.

येथवर वाचून आपण म्हणाल, मग तक्रार कशाची? काम तर झाले. तक्रार अशी की ते योगायोगाने झाले. बिघाड केवळ बायोसच्या भागापुरता होता आणि कंपनीने अद्ययावतीकरणाची फाइल तरी उघड ठेवली होती. यांतील एक गोष्ट जरी नसती, तरी कारागिराला त्याच मॉडेलच्या चिपेची संपूर्ण प्रत, म्हणजे ‘बिन फाइल’, शोधावी लागली असती, आणि ती मिळते कोठे? अनोळखी माणसांच्या टेलिग्रामवरील गटांतून, थोड्याफार पैशांत, कोणाच्या तरी दुसऱ्या यंत्रातून काढलेली. तीत त्या दुसऱ्या यंत्राचा अनुक्रमांक असतो, त्याच्या नेटवर्कचा पत्ता असतो, आणि आणखी काय असते ते तपासण्याचे साधन घोटीत नाही. २०१८ मध्ये इसेट या सुरक्षा कंपनीने लोजॅक्स नावाचा जो हेरगिरीचा प्रकार उघडकीस आणला, तो याच चिपेत दडून बसे. डिस्क पुसली, संचालन प्रणाली नव्याने बसविली, किंबहुना डिस्कच बदलली, तरी तो जात नसे. शेकडो लोकांचे आधार क्रमांक व जमिनीचे उतारे ज्या यंत्रावरून जातात, त्यात असा पाहुणा शिरला तर त्याची जबाबदारी कोणाची?

कंपन्यांचे म्हणणे मला ठाऊक आहे. फर्मवेअर हा सुरक्षेचा गाभा, तो उघड्यावर टाकता येत नाही, असे ते सांगतात. हा युक्तिवाद ऐकण्यास भारदस्त असला तरी तपासणीत टिकत नाही. २०१३ पासून इंटेलच्या अनेक यंत्रांत अशी व्यवस्था आहे की कंपनीच्या गुप्त किल्लीने सही केलेले फर्मवेअरच प्रोसेसर मान्य करतो. ती गुप्त किल्ली द्या, असे कोणी म्हणत नाही. सही झालेली, तयार, संपूर्ण प्रत उघड केल्याने किल्ली उघड होत नाही. सहीचा हेतूच हा की प्रत कोणाच्याही हातून आली तरी ती अस्सल की बनावट हे यंत्राला कळावे. उलट अस्सल प्रत दाबून ठेवल्यानेच कारागीर बनावटीच्या दारात ढकलला जातो.

यंत्र विकायचे पण ते दुरुस्त करण्याची वाट आपल्याकडेच ठेवायची, या गोष्टीला आमच्या भागात जुने नाव नाही, पण एक जुना दावा आहे, आणि मामलेदार कचेरीतील प्रत्येक कारकुनास तो तोंडपाठ असतो. एखाद्याने शेत विकावे, खरेदीखत व्हावे, सातबाऱ्यावर नाव चढावे, आणि मग कळावे की शेतात जाणारी पाणंद विकणाऱ्याने स्वतःच्या बांधात दाबून ठेवली आहे. कायद्याने हा अन्याय फार पूर्वी ओळखला: १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने अडविलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार मामलेदारास दिला, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने बांधावरून जाण्याच्या हक्काची चौकशी तहसीलदाराकडे सोपविली. जमीन विकली म्हणजे तिच्यात जाण्याची वाटही आलीच पाहिजे, हे तत्त्व जर भाताच्या खाचरास लागू पडते, तर संगणकास का लागू पडू नये, याचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही कंपनीच्या परिपत्रकात सापडलेले नाही.

जे मागतो आहे ते जगावेगळेही नाही. युरोपीय संघाने १५ मार्च २०१९ च्या २०१९/४२४ क्रमांकाच्या विनियमाने सर्व्हर व साठवणयंत्रे यांच्या उत्पादकांवर असे बंधन घातले की, त्या मॉडेलचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर किमान आठ वर्षे फर्मवेअरची अद्ययावत आवृत्ती विनामूल्य अथवा वाजवी, पारदर्शक व पक्षपातरहित दराने उपलब्ध ठेवली पाहिजे, आणि सुरक्षेच्या सुधारणा तर विनामूल्यच दिल्या पाहिजेत. मोठमोठ्या संस्थांच्या सर्व्हरना जो हक्क मिळाला, तो ताईंच्या मेजावरील यंत्रास मिळाला नाही, हा त्या कायद्यातील उणेपणा आपण भरून काढू शकतो. तसेच अमेरिकेतील एनआयएसटी या मानक संस्थेने मे २०१८ मध्ये ८००-१९३ क्रमांकाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीत फर्मवेअरचे रक्षण, बिघाडाची ओळख आणि बिघाडानंतरची पुनःस्थापना ही तीन कर्तव्ये सांगितली आहेत. यंत्र स्वतःहून उभे राहू शकले पाहिजे, हे तंत्रज्ञांना मान्य झालेले तत्त्व आहे. त्यासाठी दुसरी चिप किंवा राखीव भाग ठेवण्याचा खर्च, मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणाऱ्या कंपनीला, खरोखर किती येत असेल याचा अंदाज त्या चिपेच्या बाजारभावावरून कोणालाही करता येईल.

आपल्या विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये नेमलेल्या, श्री. भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर केला. त्याचे स्वागत करतो. परंतु त्याचा पहिला टप्पा स्मार्टफोन व टॅब्लेट यांच्यापुरता आहे, आणि लॅपटॉप व डेस्कटॉप संगणक, ज्यांवर शासनाचाच कारभार गावोगाव चालतो, ते दुसऱ्या टप्प्याची वाट पाहत राहणार. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून जो निर्देशांक लागू केला, त्यात लॅपटॉप आरंभापासूनच होते.

यास्तव आमची मागणी अशी. संगणकांना निर्देशांकाच्या कक्षेत आणावे, आणि गुण देताना स्क्रू कोणत्या जातीचे आहेत एवढेच न पाहता फर्मवेअर बिघडल्यास ग्राहकाला अथवा गावातील कारागिराला ते पूर्ववत करता येते काय, याला भरघोस वजन द्यावे. प्रत्येक मॉडेलची सही केलेली संपूर्ण प्रत, ती चिपेत लिहिण्याची कृती आणि चिपेचा व्होल्टेज, ही माहिती हमीची अट न घालता व अनुक्रमांकाची विचारणा न करता किमान आठ वर्षे उघड ठेवण्याचे बंधन असावे; यंत्रापुरता असलेला भाग खरेदीच्या वेळीच पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याची सोय मालकास असावी. आणि सर्वांत निकडीचे असे की, मालकाच्या स्पष्ट अनुज्ञेवाचून कोणत्याही यंत्राने स्वतःचे फर्मवेअर पुसावयास घेऊ नये, आणि कंपनीने परस्पर पाठविलेल्या अद्ययावतीकरणात यंत्र निकामी झाले, तर हमीची मुदत संपली असो वा नसो, ते पूर्ववत करून देण्याचा खर्च कंपनीवर बसावा. ताईंनी कोणतेही बटण दाबले नव्हते. बिघाड घडविणाऱ्याने मुदतीच्या आड लपावे, हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे. अशा प्रत्येक प्रकरणात नाशिकच्या जिल्हा आयोगापुढे दाद मागत बसण्याइतकी सवड घोटीच्या दुकानदारास नसते, आणि ही गोष्ट कंपन्यांनाही पुरती ठाऊक आहे.

जाता जाता एक गोष्ट, जी आपल्या अखत्यारीत थेट येत नाही. आयटीआयमध्ये संगणक-दुरुस्तीचा अभ्यासक्रम आहे. त्यात क्लिप, प्रोग्रॅमर आणि भिंग हाताळण्याचे प्रात्यक्षिक असेल, तर आमच्या कारागिरासारखी मुले हे शिक्षण रात्री जागून, परक्या भाषेतील चित्रफिती पाहून मिळविणार नाहीत. कौशल्य विकास मंत्रालयाकडे आपण दोन ओळी लिहिल्यात तर त्या आमच्या शंभर अर्जांहून लवकर पोहोचतील. आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांची अंमलबजावणी ज्या खात्याकडे आहे त्यालाही कळवावे की, केवळ काही मेगाबाइट मजकूर पुसला गेल्याने धडधाकट मदरबोर्ड भंगारात जातात, तो कचरा नव्हे.

दुसऱ्या टप्प्याच्या विचारार्थ समिती पुन्हा बसेल तेव्हा मदरबोर्डच्या फर्मवेअरचा विषय तिच्या कामकाजपत्रिकेवर घेण्यात यावा, आणि तीत कंपन्यांच्या प्रतिनिधींबरोबर तालुक्याच्या बाजारात काम करणारा एखादा कारागीरही बोलावण्यात यावा, ही विनंती. आमचा कारागीर यावयास तयार आहे. क्लिप तो स्वतःची आणील.



आपला,
घोटी बुद्रुक, तालुका इगतपुरी, जिल्हा नाशिक येथील एक ग्राहक